बाळाचं पोट: पहिल्या दिवसापासून शाळेत जाईपर्यंत

बाळ घरी आलं की पुढचे कित्येक महिने घरातलं बोलणं शीभोवतीच फिरतं. झाली का, किती वेळा झाली, हिरवी का झाली, दोन दिवस झालीच नाही तर काय करायचं. हे प्रश्न विचारताना अजिबात संकोच करू नका. बाळ बोलायला लागेपर्यंत त्याच्या पोटाची खबर लंगोटातूनच मिळते, आणि ती वाचता आली की बरीचशी काळजी आपोआप हलकी होते.

हा लेख पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी आहे. आपण वयाच्या क्रमाने जाऊ. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: आकडे मोजण्याआधी मूल बघायचं. वजन वाढतंय, शू भरपूर होतेय, शी मऊ आहे आणि जागं असताना मूल ताजंतवानं दिसतंय, या चार गोष्टी ठीक असतील तर पोटाच्या बहुतेक तक्रारी औषधाविना, वेळ गेला की जातात. यातलं काही बिघडलं तर मात्र घरगुती प्रयोगांत दिवस घालवायचे नाहीत.

पायरी पहिली: सहा महिने फक्त दूध

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे. पहिले ६ महिने आईचं दूध आणि दुसरं काहीही नाही. त्यानंतर वरच्या खाण्याच्या जोडीने २ वर्षांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे अंगावर पाजत राहायचं. पहिल्या ६ महिन्यांत पाणी, मध, साखरेचं पाणी, फळांचा रस यांतलं काहीच द्यायचं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब आणि औषधं तेवढी चालतात.

उन्हाळ्यात तरी दोन चमचे पाणी द्या, असं घरातली मोठी माणसं मायेपोटी सांगतात. पण आईच्या दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. उकाडा वाढला की बाळ जास्त वेळा पितं आणि त्याची तहान भागते. वरून पाणी पाजलं तर इवल्याशा पोटातली दुधाची जागा पाण्याने भरते. शिवाय बाळाची मूत्रपिंडं अजून पुरती तयार नसतात, त्यामुळे जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम घसरून झटकेसुद्धा येऊ शकतात.

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून किंवा किती मिनिटं प्यायलं यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज किमान ६ लंगोट चांगले ओले होतात का ते बघा. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण २ आठवड्यांत ते भरून निघतं आणि पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या वजनाच्या दुप्पट होतं. वजन या चालीने वाढत असेल तर दूध पुरतंय, मग बाळ संध्याकाळी कितीही किरकिरलं तरी.

आईच्या दुधात अशा काही साखरी असतात ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या पोहोचतात मोठ्या आतड्यात, तिथल्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या उपकारक जिवाणूंना. म्हणजे आई पाजते तेव्हा बाळाबरोबर त्याच्या आतड्यात नुकत्याच वस्तीला आलेल्या जिवाणूंचंही पोट भरत असतं. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

काही कारणाने डब्याचं दूध द्यावं लागलं तर अपराधी वाटून घेऊ नका, फक्त बनवताना काटेकोर राहा. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून ते ७० अंश सेल्सियसच्या खाली जायच्या आत, म्हणजे उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, त्यात पावडर मिसळायची आणि मग बाटली थंड करून, मनगटावर थेंब टाकून बघूनच पाजायची. डब्यावर लिहिलेलं माप कमी-जास्त करू नका. पातळ केलेल्या दुधाने बाळ उपाशी राहतं आणि घट्ट केलेल्या दुधाचा मूत्रपिंडांवर ताण येतो. बनवून बाहेर ठेवलेलं दूध २ तासांनंतर आणि बाळाने तोंड लावलेलं उरलेलं दूध लगेच टाकून द्या.

पायरी दुसरी: शी वाचायला शिका

पहिल्या एक-दोन दिवसांतली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. जन्मानंतर ४८ तासांत ती झालीच नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण आतड्याच्या काही जन्मजात दोषांची ती पहिली खूण असू शकते. मग रंग हिरवट होतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळ्यावर येतो.

अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळीधमक, पातळ आणि बारीक कणी असलेली असते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जुलाबच वाटतात. ती दिवसातून ८-१० वेळा झाली तरी, बाळ पितंय आणि वाढतंय तोवर, ते जुलाब नव्हेत. मग दीड-दोन महिन्यांच्या आसपास अचानक उलट होतं. तेच बाळ तीन, चार, कधी सात दिवस शीच करत नाही आणि घरात धावपळ सुरू होते. अंगावरच्या दुधाचा चोथा फारसा उरतच नाही, त्यामुळे असं होऊ शकतं. सात दिवसांनी झालेली शी मऊ असेल तर ती बद्धकोष्ठता नाही. उलट रोज होणारी पण खड्यासारखी घट्ट शी ही बद्धकोष्ठता आहे. डब्याचं दूध पिणाऱ्या बाळांची शी थोडी घट्ट, तपकिरी आणि जास्त वासाची असते, तेही ठीक.

रंगाबद्दल एवढं लक्षात ठेवा. पिवळा, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग नेहमीचे. एकदोनदा हिरवी शी झाली म्हणून आईने स्वतःचं खाणं तोडू नये. पांढरट, राखाडी किंवा मातकट फिकी शी मात्र लगेच दाखवायची, त्यातून बाळाची कावीळ २ आठवड्यांनंतरही उतरली नसेल तर त्याच दिवशी. पित्तनलिका बंद असण्याचा एक आजार असतो. त्याची शस्त्रक्रिया बाळ २ महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर यकृत वाचण्याची शक्यता जास्त असते, म्हणून इथे वाट पाहणं महागात पडतं. लाल रक्त आणि पहिल्या दिवसांनंतरची काळी शी हीसुद्धा दाखवायची. लोहाचं औषध चालू असेल तर शी गडद होते, तेवढा अपवाद.

पायरी तिसरी: दूध टाकणं, संध्याकाळचं रडणं, कुंथणं

या तीन गोष्टींवर दिली जाणारी बहुतेक औषधं अनाठायी असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप बाळात सैल असते. पिऊन झालं की ओठांच्या कोपऱ्यातून दूध वाहतं, कधी भसकन खांद्यावर येतं. साधारण चौथ्या महिन्यात हे सर्वांत जास्त असतं आणि बाळ बसायला, उभं राहायला लागलं की कमी होतं. वर्षाच्या आसपास बहुतेकांचं थांबतं. ढेकर काढा, पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभं धरा, एका वेळी खूप पाजण्यापेक्षा थोडं थोडं पाजा. मात्र दूध टाकतं म्हणून बाळाला पालथं झोपवू नका. झोपवायचं ते नेहमी पाठीवरच. उलटीचा रंग हिरवा असेल, तिच्यात रक्त असेल, किंवा दीड-दोन महिन्यांचं बाळ प्रत्येक वेळी पिचकारीसारखी दूरवर उलटी करून पुन्हा भुकेलं होत असेल, तर मात्र तडक रुग्णालय गाठा.

रडण्याचंही एक वेळापत्रक असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरुवात, सहाव्या आठवड्यात कळस, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतार. दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त, आठवड्यातून ३ दिवसांपेक्षा जास्त रडणं म्हणजे कोलिक, ही जुनी व्याख्या डॉक्टर अजूनही वापरतात. याचं नेमकं कारण सापडलेलं नाही आणि गॅसचे थेंब किंवा ग्राइप वॉटर यांनी ते खात्रीने थांबतं असा पुरावाही नाही. छातीशी धरणं, हळू झुलवणं, दिवे मंद करणं, कडेवर घेऊन फेऱ्या मारणं यांनी थोडा आराम पडतो. आणि तुमचा धीर सुटत चालला असेल तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन उभे राहा. रडणाऱ्या बाळाला कधीही हिसडू नका. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

कुंथण्याचं ऐका. तीन महिन्यांचं बाळ लालबुंद होतं, दहा-पंधरा मिनिटं कण्हतं, रडतं आणि शेवटी शी होते ती अगदी मऊ. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ त्याला अजून जमत नसतो. तो काही आठवड्यांत जमतो. मदत म्हणून गुदद्वारात काहीही घालू नका. तशी सवय लागली की ते शिकणं लांबतं.

पायरी चौथी: पहिला घास

सहा महिने पूर्ण होताना बाळाने जन्मताना आणलेला लोहाचा साठा संपत येतो आणि नुसतं दूध त्याला पुरत नाही. मान पक्की धरली आहे, आधाराने बसतंय, तुमच्या हातातल्या घासाकडे झेपावतंय, असं दिसलं की सुरुवात करा. ४ महिन्यांच्या आधी तर मुळीच नको.

पहिला चमचा ओठांना लावाल तेव्हा काय होईल ते आधीच सांगून ठेवते. बाळ तोंड वाकडं करेल, जीभ पुढे काढेल आणि सगळा घास हनुवटीवर आणून ठेवेल. बहुतेक आईबाबा इथे म्हणतात की याला आवडलं नाही. तसं नाही. आजवर त्या जिभेने फक्त ओढून घ्यायचं काम केलंय, घास मागे न्यायला ती आता शिकतेय. हनुवटीवरचं चमच्याने गोळा करून पुन्हा तोंडाशी न्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गिळल्याचा तो छोटासा आवाज ऐकू येईल.

घास किती घट्ट असावा? चमचा थोडा तिरपा केला तरी ओघळून जाणार नाही इतका. पातळ पाण्यासारख्या पेजेने पोट भरतं पण अंगी काही लागत नाही, आणि ही चूक फार घरांत होते. मऊ शिजवून कुस्करलेला भात आणि डाळ, रताळं, भोपळा, बटाटा, केळं, वाफवलेलं सफरचंद, नीट शिजवलेलं अंडं, मासे किंवा चिकनचा बारीक केलेला गर, हे सगळं पहिल्या काही आठवड्यांतच आलं पाहिजे. वरून अर्धा चमचा तूप किंवा तेल घातलं की त्याच घासात ताकद वाढते. लोहासाठी डाळी, अंडी, मांस यांतलं काहीतरी रोज हवं, आणि डाळीबरोबर लिंबाचे चार थेंब किंवा एखादं आंबटगोड फळ दिलं तर त्यातलं लोह अंगात जास्त शोषलं जातं.

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून २ ते ३ वेळा. हळूहळू २५० मिलिलिटरची वाटी अर्धी भरेल इतकं. नवव्या महिन्यापासून ३ ते ४ वेळा जेवण आणि भूक दिसली तर एक-दोनदा मधलं खाणं. वर्षानंतर तीच वाटी पाऊण ते पूर्ण. पण हे मोजमाप तुमच्या अंदाजासाठी आहे. बाळ मान फिरवतं, ओठ मिटतं, तेव्हा जेवण संपलं. मोबाइल दाखवून त्याच्या नकळत आणखी चार घास भरवले की पोट भरल्याची स्वतःची खूण ओळखणं ते विसरत जातं.

सगळं मिक्सरमधून काढण्याची सवय आठव्या महिन्यात सोडून द्या. नवव्या महिन्यापर्यंत मऊ गुठळ्या तोंडात आल्या नाहीत तर पुढे मुलं चावायला कंटाळतात. दात नसले तरी हिरड्यांनी ती छान कुस्करतात. गुठळी आली की बाळ कधी कधी उबळ काढेल, खोकेल, लाल होईल. उबळ आवाज करते आणि ती बाळाला वाचवण्यासाठीच असते. घास श्वासनलिकेत अडकला तर आवाजच येत नाही. तेव्हा एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर तळहाताने ५ थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब, हे आलटून पालटून करायचं आणि कुणाला तरी मदत बोलवायला सांगायचं. हे एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. आख्खी द्राक्षं, आख्खे दाणे आणि सुकामेवा, कच्चं गाजर, पॉपकॉर्न, कडक गोळ्या या लहान मुलांच्या हाती देऊच नका. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. आख्खे दाणे ५ वर्षांनंतरच.

अ‍ॅलर्जीच्या भीतीने अंडं, शेंगदाणा, मासे वर्षभर लांबवायचे, हा सल्ला आता मागे पडलाय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात, ज्यांना जास्त धोका होता अशा बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले. ५ वर्षांच्या वयात त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, न दिलेल्या मुलांच्या मानाने, सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तेव्हा शेंगदाणा द्यायचा, पण अगदी मऊ वाटून, पातळ करून, किंचितसा. असे पदार्थ एका वेळी एकच नवा सुरू करा, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर चट्टे, ओठांना सूज, लगोलग उलट्या किंवा श्वासाला त्रास दिसला तर लगेच दवाखाना. बाळाला आधीपासून मोठा इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारून द्या.

एक वर्षाच्या आत तीन गोष्टी नकोत. मध, अगदी बोटावर लावूनसुद्धा, कारण त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून लकवा आणणारं विष तयार करू शकतात. मुख्य पेय म्हणून गाईचं दूध, कारण त्यात लोह अगदी कमी असतं आणि लहान आतड्याला त्याने डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो. स्वयंपाकात थोडं दूध किंवा चमचाभर दही मात्र चालतं. तिसरी गोष्ट फळांचा रस. फळ द्या, रस नको. मीठ आणि साखर घातली नाही तरी बाळाला काही कळत नाही, कारण ती चव त्याने कधी पाहिलेलीच नसते.

पायरी पाचवी: वर्षानंतरची भूक

पहिल्या वर्षी वजन तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी ते जेमतेम २-३ किलोंनी वाढतं. म्हणजे भूक कमी होणारच, आणि नेमकी तेव्हाच घरातली भरवाभरवी वाढते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली वाटणी मला फार पटते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. दिवसातल्या जेवणाच्या वेळा ठरवा, मधे सतत चघळायला देऊ नका. नाकारलेला पदार्थ जबरदस्ती न करता पुन्हा पुन्हा ताटात येऊ द्या. दहा-पंधरा वेळा दिसल्यानंतर तो खाल्ला जाणं हे अगदी नेहमीचं आहे.

दुधावर मात्र लगाम ठेवा. वर्षानंतर दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त गाईचं दूध पिणारं मूल जेवत नाही, त्याचं लोह घसरतं आणि शी घट्ट होते. मूल काही खात नाही, फक्त दूध पितं, असं म्हणणाऱ्या घरात बहुतेक वेळा उलटा क्रम असतो. बाटली बंद करून पेला दिला की दूध आपोआप आटोक्यात येतं.

या वयात काही धडधाकट मुलांना दिवसातून चार-पाचदा सैल शी होते, तिच्यात गाजराचे, मटाराचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. मूल खेळतंय, वाढतंय, तर याने घाबरू नका. रस आणि गोड पेयं बंद करा, जेवणात तूप-तेल पुरेसं ठेवा. बऱ्याचदा एवढ्यानेच फरक पडतो.

पायरी सहावी: खडा झालाय

बद्धकोष्ठता तीन वेळी हमखास डोकं वर काढते: वरचं खाणं सुरू होताना, शीसाठी भांड्यावर बसायला शिकवताना आणि शाळेत जायला लागल्यावर. बहुतेक मुलांत तिच्यामागे कोणताही आजार नसतो. एकदा कडक शी होताना दुखतं, कधी चीर पडून रक्ताचा थेंब येतो. मूल ठरवतं की आता शीच करायची नाही. थांबवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं.

हे थांबवणं ओळखायला शिका. मूल खेळता खेळता एकदम गप्प होतं, पडद्याआड किंवा सोफ्याच्या मागे जातं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहतं, मांड्या एकमेकींवर आवळतं, चेहरा लाल होतो. घरचे म्हणतात, बिचारं किती जोर लावतंय. ते जोर लावत नसतं, ती आत धरून ठेवत असतं. रागावल्याने ते आणखी घट्ट धरून ठेवतं. अशीच शी साचत गेली की तिच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डीला लागते. हे जुलाब नव्हेत आणि मुलाचा आळसही नव्हे, त्याला ते कळतसुद्धा नसतं. इथे जुलाब थांबवणारं औषध दिलं तर अवस्था आणखी बिघडते.

करायचं काय? खाण्यात फळं सालीसकट, भाज्या, डाळी, अख्खी धान्यं. पेर, आलुबुखार आणि त्याचं सुकवलेलं रूप यांत सॉर्बिटॉल असतं, त्याने शी मऊ राहते. दूध आटोक्यात, पाणी पुरेसं. जेवल्यानंतर आतडं आपोआप हालचाल करतं, म्हणून प्रत्येक मोठ्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटं मुलाला भांड्यावर बसवा. पाय लोंबकळते नकोत, खाली स्टूल हवं, गुडघे कमरेपेक्षा वर. शी झाली नाही तरी बसल्याबद्दल कौतुक करा. शी थांबवायला लागलेल्या मुलाचं भांड्याचं शिक्षण काही आठवडे सरळ बाजूला ठेवा.

खडा जुना असेल तर केवळ खाण्याने सुटत नाही. डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतात, लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल. याची सवय लागते अशी भीती घालून लोक आठवड्याभरात ते बंद करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ताणलं गेलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात. औषध सांगितलंय तितके दिवस द्या आणि कमी करायचं तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

पायरी सातवी: जुलाब आणि उलट्या

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखी शी, आणि ती मुलाच्या नेहमीच्यापेक्षा वेगळी, म्हणजे जुलाब. लहानांत याचं मोठं कारण विषाणू असतात. त्यांतला रोटाव्हायरस १९७३ साली रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला, आज त्यावर तोंडावाटे द्यायची लस आहे. ती ६ आठवड्यांच्या वयापासून देतात आणि उशीर झाला तर सुरू करता येत नाही, म्हणून वेळ चुकवू नका.

जुलाब मूल दगावण्याचं कारण ठरतात ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून जुलाब कसे थांबतील यापेक्षा पाणी कसं भरून निघेल याकडे लक्ष द्या. आतडं आजारी असतानाही त्यातली एक वाट उघडी राहते: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. ओआरएस, म्हणजे मीठ-ग्लुकोजची पुडी पाण्यात विरघळवून केलेलं द्रावण, याच वाटेने काम करतं. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि असंख्य जीव वाचले. त्या पुडीची किंमत कमी लेखू नका.

पुडीवर लिहिलंय तेवढ्याच, स्वच्छ पाण्यात सगळी पुडी एकदम घाला. अर्धी पुडी अंदाजाने नको, साखर वरून नको, दुधात तर नकोच. बनवलेलं २४ तासांनंतर फेकून द्या. प्रत्येक पातळ शीनंतर २ वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. पेल्याने घटाघटा पाजलं की उलटी होते आणि मग लोक म्हणतात याला ओआरएस सोसत नाही. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग घड्याळ समोर ठेवून दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं काम आहे, तासभर हात दुखतो, पण असं पाजलेलं बहुतेक पोटात राहतं. शीतपेयं आणि फळांचे रस ओआरएसच्या जागी चालत नाहीत. त्यातल्या जास्त साखरेने जुलाब वाढतात.

अंगावर पाजणं एक क्षणही थांबवू नका. खाणारं मूल असेल तर पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका, नेहमीचंच मऊ जेवण थोडं थोडं द्या. डॉक्टर झिंक देतील, ते जुलाब थांबल्यावरही सांगितलेले १० ते १४ दिवस पूर्ण करा. आतडी गोठवून जुलाब थांबवणारी मोठ्यांची औषधं लहान मुलांना धोकादायक आहेत आणि विषाणूच्या जुलाबांत प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. बरं झाल्यावर काही दिवस दुधाने पोट फुगणं, आंबट वासाची सैल शी होणं हे आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत होऊ शकतं. यावरून मुलाला कायमचं दूध पचत नाही असा शिक्का मारू नका.

थांबायचं नाही ते केव्हा

डोळे खोल गेलेत, टाळू आत बसलीये, तोंड कोरडं, रडताना पाणी नाही, सहा-आठ तास शू नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळूहळू सपाट होते, मूल मलूल आहे किंवा पिण्यासाठीही उठत नाही: यांतलं काहीही दिसलं तर रुग्णालयात. हिरवी उलटी, शीत रक्त, पोट टणक आणि फुगलेलं, तेव्हाही. अधूनमधून एकदम किंचाळून पाय पोटाशी घेणारं, मधल्या वेळात पांढरं पडून गप्प राहणारं बाळ असेल तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. त्यात तासांना महत्त्व असतं. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर पोटाचं काही असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा. आणि वजन वाढायचं थांबलंय, महिनोन्महिने शी सैल आहे, पोट पुढे आणि हातपाय बारीक होताहेत, असं असेल तर तपासण्या लागतात. गव्हाच्या प्रथिनाने होणारा सिलिअ‍ॅक आजार असाच दबकत येतो.

दवाखान्यात निघताना शीचा किंवा उलटीचा फोटो काढून न्या, तो डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. शेवटची शू कधी झाली, २४ तासांत किती वेळा शी आणि उलटी झाली, काय आणि किती पोटात राहिलं, कोणती औषधं दिली, ते कागदावर लिहा. वजनाची नोंद असलेलं कार्ड बरोबर घ्या. आणि वाटेत चमच्याने ओआरएस पाजत राहा.